बुधवारची सुई

बुधवारी दुपारी तीन वाजता कुरामोची मागच्या अंगणात युझू लिंबाच्या झाडाशेजारी उभे राहिले, यंत्र जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर धरलं, मनातल्या मनात तीस आकडे मोजले आणि खाली बघितलं, तर सुई पट्टीच्या पार उजव्या टोकाला जाऊन टेकलेली. त्यांनी डोळे मिटले. एकाहत्तराव्या वर्षी दिवसातून दोन-चार गोष्टी चुकीच्या दिसायच्याच. कालच त्यांनी शेजारचं मांजर समजून कुंपणाला अडकलेल्या काळ्या पिशवीला गोड हाक मारली होती, आणि पिशवी ओ देईना म्हणून रागावलेही होते. डोळे उघडले. सुई तिथंच. पट्टी संपते ०.३ ला, आणि या झाडाशेजारी गेली सात-आठ वर्षं दर बुधवारी ०.०६ येतं. कधी ०.०५, पावसानंतर ०.०७. सातशेच्या वर बुधवार त्यांच्या वहीत असे एकाखाली एक बसलेले होते, शाळेच्या सामूहिक फोटोतल्या मुलांसारखे, कुणी हसत नाही, कुणी हलत नाही. कुरामोचींनी खटका पुढच्या पट्टीवर टाकायला अंगठा लावला तर खटका फिरेना. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. शेवटी दोन्ही अंगठे लावून तो फिरवला, परत तीस आकडे मोजले. ०.३१. त्यांनी यंत्र जरा लांब धरलं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, बारीकसा आनंदही झाला. कित्येक वर्षांत प्रथमच यंत्राला त्यांच्याशी बोलण्यासारखं काही सापडलं होतं.

हातात मावणारं, किरणोत्सर्ग मोजायचं असलं यंत्र घराघरांत असतं अशातला भाग नाही. पण कुरामोचींची अडतीस वर्षं त्यांतच गेली. किनाऱ्यालगतच्या प्रयोगशाळेत त्यांचं काम यंत्रांनी मोजण्याचं नव्हतं, यंत्रांना मोजण्याचं होतं. देशभरातून मापकं यायची. शिशाच्या भिंतीआड ठेवलेल्या ठरीव किरणांसमोर एकेकाला उभं करायचं आणि ते खरं बोलतं की थापा मारतं ते बघायचं. खरं बोललं तर पाठीवर हिरवा कागद चिकटवायचा. नोकरीला लागले तेव्हा तोबिता नावाच्या ज्येष्ठ कारागिरानं त्यांना एकच धडा दिला होता. "पोरा, सुई थांबायला तीस सेकंद लागतात. हलत्या सुईचा आकडा जो वाचतो ना, तो आकडा वाचत नाही, स्वतःचं मन वाचतो." कुरामोचींना हे इतकं पटलं की त्यांनी ते कामापुरतं ठेवलंच नाही. लग्नाच्या बोलणीला बसले, मध्यस्थ बाई म्हणाल्या, "मग, मुलगी पसंत आहे ना?" तेव्हा हे तीस सेकंद गप्प. तेवढ्यात फुमिएनं आपला चहा संपवला, मग घाबरून तिच्या आईचा संपवला, आणि मध्यस्थ बाईंच्या कपाला हात घालणार तोच हे म्हणाले, "आहे." लेकीनं साप्पोरोहून फोन करून लग्न ठरवल्याचं सांगितलं, तर यांच्या शांततेला वैतागून तिनं फोन ठेवूनच दिला; "अभिनंदन" त्यांनी बंद फोनला सांगितलं. लोक म्हणायचे, माणूस विचारी आहे. फुमिए म्हणायची, "विचारी कसला, माझा नवरा जरा उशिरा पोचतो."

यंत्र बिघडलं असणार. त्यांनी बॅटऱ्या बदलल्या. मग कुंपणाच्या फाटकापर्यंत चालत गेले, तिथं ०.०८. म्हणजे यंत्र ठीक आहे, गडबड झाडाजवळच आहे. इथं जाणत्या माणसानं काय करायचं? आकडा ज्या दिशेला वाढतो त्या दिशेला जायचं. कुरामोचींना हे माहीत होतं, नव्या पोरांना त्यांनी शेकडो वेळा शिकवलं होतं. आणि आकडा वाढत होता घराकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. पण माणूस आधी शेजाऱ्यावर संशय घेतो, मग घरावर. ते उलट्या दिशेनं, नेया-सानच्या कुंपणाकडे चालू लागले. नेयांच्या अंगणात डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात उकडलेल्या रताळ्यांचे काप जाळ्यांवर वाळत पडले होते, आणि नेया स्वतः, गळ्यात टॉवेल, हातात चिमटा, एकेक काप उलटत होते. मान वर करून त्यांनी यंत्र बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो कुरामोची-सान! ते आधी खाली करा! खाली!"

"फक्त एक मिनिट."

"एक मिनिट कसलं? रस्त्यावरून गाड्या जातायत! माझ्या रताळ्यांवर यंत्र रोखलेलं कुणी बघितलं तर माझं काय होईल? मागे काय झालं विसरलात? दोन हंगाम गुरांनासुद्धा घालवेना माल."

"मी रताळी मोजत नाहीये, नेया-सान. मी तुमच्याकडून काही येतंय का ते..."

"माझ्याकडून? माझ्याकडून काय येणार? मी सकाळी आंघोळ केलीय!"

कुरामोची यंत्र धरून थांबले. नेयाही थांबले, चिमटा हवेत, श्वास रोखून. ०.०६. "काही नाही," कुरामोची म्हणाले. नेयांनी श्वास सोडला आणि लगेच त्यांचा आवाज चढला. "काही नाही म्हणजे? मग आलात कशाला? आता ते मोठ्यानं सांगा. रस्त्याकडे तोंड करून सांगा!" आणि कुरामोचींनी, माणूस भिडस्त, रस्त्याकडे वळून रिकाम्या रस्त्याला खरोखरच सांगितलं की नेया-सानच्या रताळ्यांत काही नाही. नेयांचं तेवढ्यानं समाधान झालं. त्यांनी चार काप कागदात गुंडाळून कुंपणावरून दिले. "वहिनींना द्या. सकाळी आठच्या बसला दिसल्या, चेहरा उतरल्यासारखा वाटला."

सकाळी आठला फुमिए समूहगानाच्या सरावाला गेली होती. निदान तसं सांगून गेली होती. दोनला परत आली तेव्हा हातात एक भलामोठा मुळा होता. सराव कसा झाला, असं यांनी विचारलं नाही, कारण ते कधीच विचारत नसत, आणि ती म्हणाली, "आज ओदेन करते." ओदेन म्हणजे मुळा, अंडी, माशाचे वडे मंद आचेवर तासन्तास शिजवायचे. आता कुंपणापासून परत फिरताना खिडकीच्या काचेआड तिची आकृती दिसत होती, मान खाली, हात मुळ्यावर. पावलागणिक आकडा चढत होता, आणि कुरामोचींना चौदा वर्षांपूर्वीच्या मार्चमधले, उत्तरेकडची अणुभट्टी फुटल्यानंतरचे ते दिवस आठवले, तेव्हा सगळी गल्ली याच अंगणात रांग लावून उभी असायची. पालकाच्या जुड्या घेऊन, बूट घेऊन, तान्ही बाळं घेऊन. प्रत्येक जण तीस सेकंद श्वास धरायचा आणि मग कुरामोचींच्या तोंडाकडे बघायचा. तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याला किंमत होती. फुमिए दारात खुर्ची टाकून म्हाताऱ्यांना चहा द्यायची आणि सांगायची, "घाबरू नका, ते गप्प आहेत म्हणजे वाईटच आहे असं नाही. ते सुपातल्या वड्यांच्या बाबतीतही असेच गप्प असतात." लोक हसायचे. नंतर आकडे उतरले, लोक यायचे थांबले, आणि यंत्र घेऊन अंगणात उभा राहणारा माणूस बघून गल्ली खिडक्या लावून घेऊ लागली. नेया तर त्यांना हळूच म्हणालेही होते, "बुधवारी जरा झाडाच्या आडोशाला उभे राहत चला." तेव्हापासून ते आडोशाला उभे राहतात. पण बुधवार त्यांनी सोडला नाही.

स्वयंपाकघरात शिरल्यावर सुईनं दुसरी पट्टीही ओलांडली. कुरामोचींची नजर फुमिएच्या पायाशी असलेल्या लोणच्याच्या पिंपावर गेली. पिंपावर लोणचं दाबून ठेवायचा सासूबाईंचा दगड. चाळीस वर्षं या घरात त्यांचं आणि त्या दगडाचं बरं नव्हतं. पायाच्या करंगळीला तो वर्षातून एकदा तरी लागायचाच.

"हा दगड," ते म्हणाले.

"काय झालं त्याला?"

"कुठला आहे?"

"माझ्या आईचा आहे."

"ते माहीत आहे. आईंनी कुठून आणला?"

"नदीतून. तुम्ही जन्मलाही नव्हतात." फुमिएनं सुरी थांबवली नाही. "आता मेलेल्या आईच्या दगडाची चौकशी का चाललीय?"

कुरामोचींनी यंत्र ओट्यावर ठेवलं. दगड उचलला. अकरा किलोंचा ऐवज, कमरेतून कट्ट असा आवाज आला, तरी त्यांनी तो पोटाशी धरून अंगण ओलांडलं, थेट फाटकापाशी नेऊन ठेवला, धापा टाकत यंत्र आणलं, रोखलं, तीस आकडे मोजले. ०.०६. साध्या, सज्जन, नदीतल्या दगडाचा आकडा. कुरामोचींनी त्याच्याकडे जरा ओशाळून बघितलं. कुंपणापलीकडून नेया म्हणाले, "आता दगडाला फिरायला आणलंत होय?" दगड तिथंच ठेवून कुरामोची घरात परतले, तर पिंपाजवळ आता काहीच नव्हतं. ०.१ सुद्धा नाही. फुमिएही नव्हती. ती बाहेरच्या खोलीत, आत शेगडी आणि वरून गोधडी असलेल्या बुटक्या टेबलात पाय घालून वाळलेले कपडे घडी करत बसली होती. सुई तिकडे झुकली. कुरामोची बाहेरच्या खोलीत गेले आणि टीव्हीवर संशय घेतला. मग देव्हाऱ्यातल्या वडिलांच्या फोटोवर. मग कपड्यांच्या ढिगावर.

"जरा बाजूला होतेस?"

"कुठे होऊ बाजूला? माहेरी जाऊ? तिथला दगडसुद्धा तुम्ही रस्त्यावर नेऊन टाकलात."

ती उठली. जवाच्या चहाचा मोठा पेला एका दमात संपवून म्हणाली, "थांबा, आलेच," आणि संडासाकडे गेली. परत आल्यापासून तिसऱ्यांदा. तिच्या मागून यंत्राची सुई कपड्यांकडून सुटली, खाली आली, आणि कुरामोचींनी नकळत यंत्र वळवलं तशी संडासाच्या दाराकडे बघून पुन्हा मान वर काढू लागली. पाण्याचा आवाज झाला. दार उघडलं. सुई वर आली. ते तिथंच खोलीच्या मधोमध उभे होते, मोजलेले तीस आकडे कुठे संपले त्यांना कळलं नाही. बाई चालली की आकडा चालतो. बाई बसली की आकडा बसतो. अडतीस वर्षं ज्यानं यंत्रांना खोटं बोलताना पकडलं त्या माणसाला स्वतःच्या घरात समोरचं दिसायला दोन खोल्या, एक दगड आणि एक शेजारी लागला होता.

त्यांना माहीत होतं हे काय असतं. प्रयोगशाळेच्या फाटकावर एकदा झाडूवाल्या बाईंना बघून सगळ्या घंटा वाजल्या होत्या. बाई हॉस्पिटलातून तपासणी करून थेट कामावर आल्या होत्या. शिरेत किरण सोडणारं औषध टोचतात, ते हवं तिथं जाऊन बसतं, मग बाहेरून कॅमेरा त्याचा फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी औषध जवळजवळ नाहीसं होतं, कुणाला अपाय नाही. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते, कुरामोचीसुद्धा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. हृदयासाठी टोचतात. हाडांसाठी टोचतात. हाडांसाठी कधी, तर आधी कुठे गाठ निघालेली असते आणि पाठ दुखायला लागते तेव्हा. फुमिएच्या छातीतली गाठ काढून नऊ वर्षं झाली होती. आणि गेला महिनाभर ती गादी उचलताना पाठीला हात लावत होती. त्यांनी ते बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, गादी जड झालीय, हलकी घ्यायला हवी. कुरामोचींना भीती वाटली. साधी, सरळ, लहान पोराला वाटते तशी भीती. आपण आत्ता, या क्षणी, तोंड उघडून विचारायला हवं हे त्यांना स्वच्छ कळलं.

"अगं..."

"काय?"

फुमिए बघत होती. तिच्या हातात त्यांचाच बनियन होता, अर्धा दुमडलेला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. दहा, वीस, तीस झाले.

"मुळा चांगला दिसतोय," कुरामोची म्हणाले.

"हो ना," फुमिए म्हणाली आणि बनियनची राहिलेली घडी घातली.

मग त्यांनी जे केलं ते फक्त त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. बायकोला विचारण्याऐवजी त्यांनी आलेखाचा कागद काढला. टोचलेलं औषध कुठलं हे ते किती वेळात निम्मं होतं यावरून कळतं, त्याला तोंड उघडावं लागत नाही. तीन वाजून वीस मिनिटं, एक मीटरवरून, २.४. मीटर बरोबर राहावा म्हणून त्यांनी लाकडी पट्टी आणली आणि फडताळ मोजण्याचं सोंग करत तिचं एक टोक फुमिएच्या खांद्याशी नेलं. ती सरकली नाही. उलट, त्यांना नंतर आठवलं, ती जरा ताठ बसली, फोटोला बसल्यासारखी. चार वीसला २.०. ती कांद्याची पात चिरत होती आणि हे मागे उभे राहून पंख्याची धूळ बघत होते, डिसेंबरात. पाच वीसला १.७. प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्याच्या खाली, सुरेख उतरत्या ओळीत, आणि या सुरेखपणाचा त्यांना संताप आला. औषध ओळखीचंच होतं. पुस्तकात ते सहा तासांत निम्मं होतं, पण भरपूर पाणी प्यायलं तर अंगातून आणखी लवकर उतरतं. म्हणजे बाईंनी डॉक्टरांचं ऐकून पाणी प्यायलंय. मला न सांगता शहाण्यासारखी पाणी पितेय. नऊ वर्षांपूर्वी तिनं सांगितलं होतं, याच टेबलाशी, जेवताना. "छातीत गाठ आहे म्हणतात," असं म्हणून ती थांबली होती, आणि कुरामोची गप्प झाले होते. तीस सेकंद नाही. सुई थांबेचना. भात संपला, सूप गार झालं, तिनं ताटं उचलली, भांडी घासली, आणि ती हात पुसत असताना यांच्या तोंडून आलं ते, "कुठल्या बाजूला?" एवढंच. नंतर ते अंगणात गेले होते, आणि बुधवार नसतानाही झाडाशेजारी उभे राहून मोजत बसले होते, कारण तिथं ०.०७ होतं आणि ते त्यांना वाचता येत होतं. मग फुमिएनं सांगणं सोडलं. ती एकटी गेली, एकटी आली, समूहगानाला जायला लागली. ते तिला सोडायला एकदाही गेले नाहीत. एकदाही. हे त्यांना आजवर मोजता आलं नव्हतं, आज आलं.

सहा वीसला १.४५. आकडा घेताना तिनं तांदूळ धुवायला बाही वर सारली आणि कोपराच्या खोबणीत चौकोनी पट्टी दिसली, कापसाची, कडेला फिकट तांबूस ठिपका. यंत्राला जे कागदावर सिद्ध करायला तीन तास लागले ते त्या पट्टीनं एका नजरेत सांगून टाकलं. कुरामोची वही घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. वहीत तारखेपुढे आकडा लिहायचा असतो आणि त्यापुढे शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात पाऊस, बर्फ, जोराचा वारा असलं काही लिहायचं. त्यांनी ०.३१ लिहिलं, कारण आलेला आकडा लपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन अडकलं. कारण दिल्याशिवाय असला आकडा सोडायचा नसतो, हा त्यांनीच नव्या पोरांना घालून दिलेला नियम. रकाना तसाच ठेवून त्यांनी वही मिटली.

सात वीसला जेवण मांडलं. ओदेनची वाफ दोघांच्या मधून वर जात होती. कुरामोचींनी यंत्र गुडघ्यावर घेतलं होतं, टेबलाच्या गोधडीखाली, शाळेत चोरून पुस्तक वाचावं तसं. १.२. चार तासांत बरोबर निम्मं. हिशोब चोख होता आणि तो कुणाला सांगायचा हे त्यांना कळेना. फुमिएनं त्यांच्या वाडग्यात मुळ्याचा जाड काप घातला, मग अंडं, मग वाटलेली मोहरी. आणि वाडगा खाली ठेवता ठेवता म्हणाली,

"किती आले मी?"

कुरामोचींच्या जेवायच्या काड्यांमधला मुळा परत वाडग्यात पडला.

"लपवू नका. गोधडीखाली खटका वाजलेला ऐकला मी. किती?"

"एक पूर्णांक दोन."

"आणि दुपारी?"

"दोन पूर्णांक चार."

"बाई गं," फुमिए म्हणाली. तिच्या आवाजात जरासा अभिमानही होता. "नेयांच्या रताळ्यांना कधी एवढं आलं नसेल."

"तुला माहीत होतं मी..."

"तुम्ही बुधवारी तीन वाजता खिडकीबाहेर असता, हे माहीत नसायला मी काल आले का या घरात? हॉस्पिटलवाले सोमवार देत होते. म्हटलं, सोमवार नको, बुधवार द्या. ती नर्स म्हणते, आजी, बुधवारी काही विशेष? म्हटलं, हो, बुधवारी माझा नवरा बघतो." तिनं मोहरीची बाटली उगाच फिरवली, झाकण लावलं, काढलं. "परत आल्यापासून खिडकीशी उभी राहिले. एक मुळा किती वेळ चिरायचा माणसानं? तुम्ही निघालात तो नेयांकडे. मला वाटलं, झालं, आता रताळ्यांशी बोलून येणार. मग दगड. अहो, तुम्ही दगड उचलून चाललात तेव्हा मला हसू पण येईना आणि रडू पण येईना. म्हटलं, हा माणूस सगळं गाव मोजून होईल तोवर माझ्या अंगातलं औषध संपायचं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की. मागच्या वेळी." ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मला आजाराची भीती वाटते, नाही असं नाही. पण तुम्ही गप्प बसता ना, त्याची जास्त वाटते. त्या दिवशी भांडी घासताना वाटलं, हे आता कधीच बोलणार नाहीत आणि मी अशीच पाठ करून उभी राहणार. परत तसं नको होतं मला. म्हटलं, माझं ऐकून तुम्हाला काही सुचत नाही, यंत्राचं ऐकता. तर यंत्रालाच सांगू दे."

वाफ कमी झाली होती. कुरामोचींना तिचा चेहरा आता नीट दिसत होता, डोळ्यांखाली सुजलेला, ओठ घट्ट मिटलेले. बोलणीच्या दिवशी मध्यस्थ बाईंच्या कपाकडे हात नेताना तिनं ओठ असेच मिटले होते. म्हणजे तेव्हाही ती घाबरलेली होती. ते त्यांना इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुलीला तहान लागलीय.

"निकाल शुक्रवारी आहे," फुमिए म्हणाली. "दहा वाजता. सोबत कुणीतरी आणा म्हणाले. मी म्हटलं, बघते. म्हणजे तुम्हाला जमत नसेल तर लेकीला सुट्टी काढून यायला सांगते, तिला काय विमानानं दोन तास, पण जर तुम्ही येणार अस..."

"येतो."

फुमिएचं तोंड उघडंच राहिलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग परत घड्याळाकडे.

"मी अजून विचारलंही नाही पुरतं."

"येतो," कुरामोची परत म्हणाले, आणि घाईत आणखी काहीतरी येऊ लागलं, गादी हलकी घेऊ, आठच्या बसला मी पण येतो, तुझी पाठ, मी बघितलं होतं, मला वाटलं गादी, सगळं एकावर एक, वाक्यांना शेपूट नाही, डोकं नाही. दोन्ही हात टेबलावर होते आणि त्यांनी ते गोधडीखाली घातले नाहीत.

"अहो," फुमिएनं हळूच विचारलं, "पण सुई थांबली का तुमची?"

"नाही थांबली."

"हलतेय?"

"फार हलतेय."

"आणि तरी वाचलीत?"

"वाचली," कुरामोची म्हणाले.

फुमिएनं नाक ओढलं, एप्रनच्या टोकाला डोळे पुसले आणि त्यांच्या वाडग्यातलं अंडं उचलून सरळ स्वतःच्या वाडग्यात घेतलं, भूक लागल्यासारखं. जेवता जेवता ती म्हणाली की आईचा दगड रस्त्यावरून आत आणा, लोणचं वर येईल, आणि नेया उद्या गावभर सांगतील की कुरामोचींनी घरातून दगड हाकलला. कुरामोची हो म्हणाले. प्रत्येक गोष्टीला लगेच हो म्हणाले, इतकं की तिनंच शेवटी, "जरा दमानं घ्या, सवय नाही मला," असं सांगितलं. ताटं उचलायच्या आधी त्यांनी वही ओढली, आजच्या तारखेशी आले आणि ०.३१ च्या पुढच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं: फुमिए घरी होती. शुक्रवारी दोघं जाणार.

फुमिएनं चष्मा चढवून वाकून वाचलं. अडतीस वर्षं छापल्यासारखं येणारं त्यांचं अक्षर त्या एका ओळीत वर-खाली झालं होतं.

"अक्षर हललंय तुमचं."

"हलू दे," कुरामोची म्हणाले.